सूडपटाची मांडणी: सरळ, दडवलेली की दोन पिढ्यांची?

भावकीतल्या सूडावर हिंसक सिनेमा लिहायला घेतला की बहुतेक जण आधी मारामाऱ्या मोजतात. खरा निर्णय वेगळाच असतो: पहिला खून प्रेक्षकाला कधी दाखवायचा? पंचविसाव्या मिनिटाला दाखवला तर एक सिनेमा होतो, मध्यंतरानंतर दाखवला तर दुसरा. आणि त्या खुनाच्या वेळी नायक शाळकरी पोर असेल तर तिसरा. गोष्ट तीच राहते. पटकथा, शूटिंगचे दिवस, कलाकारांची यादी आणि खर्च मात्र बदलतो.

तुलनेसाठी एकच गोष्ट तिन्ही साच्यांत घालून पाहू. लातूर-धाराशिवच्या शिवेवरचं गाव. दोन चुलत घरं, सामाईक विहीर, पाण्याच्या पाळीवरून आणि कोरलेल्या बांधावरून जुनी धुसफूस. ऑक्टोबरात एका घराची सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेल्या पिकाचा ढीग, पेटते, वर्षाचं पीक रात्रीत राख होतं. संशय दुसऱ्या घरातल्या थोरल्या भावावर जातो. दोन-अडीच महिन्यांनी वेळ अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवायला गेलेलं असताना, कोपीजवळ, म्हणजे पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपीपाशी, त्याचा खून होतो. मागे राहतात त्याची बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि धाकटा भाऊ. बनीम खरं तर या धाकट्यानंच रागाच्या भरात पेटवलेली असते, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. सिनेमा 130 मिनिटांचा धरू. एका पानाला एक मिनिट या ढोबळ हिशोबानं 130 पानं, 70 ते 80 सीन.

सरळ मांडणी

जसं घडलं तसं. पहिली दहा मिनिटं दोन घरं आणि विहीर. दहाव्या मिनिटाला धाकटा काडी ओढतो आणि प्रेक्षक ते बघतो. बाविसाव्या ते पंचविसाव्या मिनिटात खून. तिथून चाळिसाव्यापर्यंत पोलीस ठाणं, पंचनामा, फुटणारे साक्षीदार.

ही पंधरा मिनिटं अनेक जण गाळतात आणि तिथंच सिनेमा कच्चा राहतो. नायकानं, म्हणजे धाकट्यानं, कोयता का उचलला याचं उत्तर प्रेक्षकाला लागतं. कायद्याचं दार वाजवून झालं आणि ते उघडलं नाही, हे दिसावंच लागतं. तेही नेमकेपणानं. घटना 1 जुलै 2024 किंवा त्यानंतरची असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं 103, त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं 302. गावातला म्हातारा आजही "तीनशे दोन लागला" म्हणेल आणि ते बरोबरच वाटेल, पण फौजदाराच्या कागदावर जुनं कलम आलं की जाणकार प्रेक्षक तिथल्या तिथं तुटतो.

चाळिसाव्या मिनिटाला पहिला सूड, पासष्टाव्याला मध्यंतर. मध्यंतराला आणखी एक मुडदा पाडू नका. तिथं वहिनीला कळावं की बनीम दिरानं पेटवली होती. नवऱ्याचा जीव ज्याच्या चुकीनं गेला तोच आता नवऱ्याचा सूड घेत फिरतोय. उत्तरार्धाला लागणारी सगळी आग एवढ्या एका माहितीत आहे.

हा साचा बिघडतो तो चाळीस ते शंभर या मिनिटांत. शोध, गाठ, वार; पुन्हा शोध, गाठ, वार. तिसऱ्या वेळी प्रेक्षक मोबाईल काढतो. उपाय मारामारी मोठी करण्यात नाही. प्रत्येक वारानंतर एक नातं बदललं पाहिजे. सूडातल्या पहिल्या खुनानंतर बहिणीचं सासर तुटतं, कारण मेलेला तिच्या दिराचा साडू. दुसऱ्यानंतर पुतण्या काकाच्या ताटात जेवायचं थांबतो. अशी कागदावर दोन रकाने पाडून यादी करा: डावीकडे कोण मेला, उजवीकडे त्यामुळे घरातलं कोण दुरावलं. उजवीकडे कुठे कोरं राहिलं तर तो खून पटकथेतून काढा, कितीही देखणा लिहिला असला तरी.

दडवलेला भूतकाळ

इथे सिनेमा सुरू होतो तो गावापासून लांब. धाकटा आता पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या फडात ऊसतोड टोळीत आहे. अबोल, मान खाली घालून राबणारा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हा एकटाच, म्हणून अर्धा कोयता. मुकादमाकडून उचलही, म्हणजे आगाऊ पैसेही, इतरांपेक्षा कमीच. टोळीतल्या कुणावर तरी अन्याय होतो आणि साठाव्या मिनिटानंतर हा माणूस असा काही वार करतो की फड थिजतो. मध्यंतर. मग बहात्तराव्या ते नव्वदाव्या मिनिटापर्यंत भूतकाळ, आणि शेवटच्या चाळीस मिनिटांत गावी परतणं.

या साच्याचं बळ कुतूहलात आहे, आणि कुतूहल "हा कोण?" एवढ्यावर टिकत नाही. डोळ्यांना दिसेल असा नेमका प्रश्न लागतो. 'शोले'मध्ये होळीच्या हल्ल्यात बंदूक जवळ पडलेली असूनही ठाकूर ती उचलत नाही. का नाही उचलली, हे जयला आणि प्रेक्षकाला एकदमच टोचतं, आणि त्याचं उत्तर म्हणून भूतकाळ येतो. आपल्या गोष्टीत तसा प्रश्न आंबिलीतून, म्हणजे या सणाला करतात त्या ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबट पेयातून, काढता येईल. वेळ अमावस्येला टोळीतली लातूरकडची बाई आठवणीनं आंबील करते, सगळ्यांना वाटी देते. हा वाटी हातात घेतो, वास येताच खाली ठेवतो आणि उठून उसात निघून जातो. पंचविसाव्या मिनिटाला हे पेरलं तर पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोपीजवळ सांडलेली आंबील दाखवताना एकही संवाद लागणार नाही.

आता या साच्याची अडचण, आणि मराठवाड्यातल्या गोष्टीला ती सगळ्यात जास्त भोवते. गावात खून लपत नाही. कुणी कुणाला मारलं हे पारावरच्या पोरालाही ठाऊक असतं. मग कॅमेरा ते प्रेक्षकापासून दीड तास लपवतो तेव्हा लेखक मुद्दाम तोंडावर हात ठेवतोय असं वाटतं. गावकीतली पात्रं एकमेकांशी बोलताना "त्या दिवशी जे झालं ते" असं मोघम बोलू लागली की समजा साचा गोष्टीवर लादला गेलाय. माणसं असं बोलत नाहीत. ती नाव घेतात, वार सांगतात, कुठल्या बांधावर ते सांगतात.

म्हणून दडवायचंच असेल तर खुनी दडवू नका, काडी दडवा. खून कुणी केला हे गावाला माहीत, प्रेक्षकालाही लवकर सांगून टाका. बनीम कुणी पेटवली हे फक्त नायकाला माहीत. त्या गुपितावर फ्लॅशबॅक उभा केला तर तो खरा वाटतो आणि नायकाच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो.

लांबी 18 मिनिटांच्या पुढे नेऊ नका. फ्लॅशबॅक पस्तीस मिनिटांचा झाला की तोच मुख्य सिनेमा होतो आणि परत वर्तमानात येताना प्रेक्षकाला ऊसतोड टोळीतली माणसं आठवत नाहीत. दुसरं, खलनायकाचा चेहरा पूर्वार्धात निदान दोनदा दिसलाच पाहिजे. पंचाहत्तराव्या मिनिटाला पहिल्यांदा भेटलेल्या माणसाचा राग पन्नास मिनिटांत येत नाही.

शूटिंगला एक सोय करून ठेवा. खुनाचा प्रसंग इथे दोनदा दिसतो, आधी तुकड्यात, मग पूर्ण. दोन्ही एकाच वेळी, दोन्ही कोनांतून चित्रित करा. वेळ अमावस्येच्या दिवसांत रब्बीची ज्वारी उभी असते. मे महिन्यात उरलेला एक शॉट घ्यायला गेलात तर त्याच रानात ढेकळं असतील. बनीम पेटवण्याचंही तसंच. सुकलेलं काड भराभर पेटतं, दुसरा टेक मिळत नाही. दोन ढीग रचा किंवा तीन कॅमेरे लावा, आणि पाण्याचा टँकर उभा असल्याशिवाय काडी ओढू देऊ नका.

सेन्सॉरचा विचारही इथे लिहितानाच करावा लागतो. 2024 च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा) प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे टप्पे झाले आहेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर जात नाही. दडवलेल्या मांडणीत सगळा जहाल भाग एका फ्लॅशबॅकमध्ये साठतो, आणि कात्री तिथंच लागली तर सूडाचं कारणच कापलं जातं. त्यामुळे महत्त्वाची माहिती जखमेत ठेवू नका, बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा. वार वीस सेकंदांनी कमी झाला तरी गोष्ट शाबूत राहते.

दोन पिढ्या

नऊ वर्षांचा पोरगा पंचवीस वर्षांचा होतो. पहिली 38 ते 40 मिनिटं जुना काळ, मग सोळा वर्षांची उडी. सूड आता मुलगा घेणार, आणि त्याला त्यासाठी वाढवलंय ते काडी ओढणाऱ्या काकानं.

याचा उत्तम नमुना महाभारतात आहे. द्रुपद द्रोणाचा अपमान करतो. द्रोण शिष्यांकरवी त्याला धरून आणून अर्धं राज्य घेतो. द्रुपद यज्ञातून द्रोणाला मारणारा मुलगा मागतो. धृष्टद्युम्न द्रोणाचं शिर कापतो. युद्ध संपल्यावर रात्री अश्वत्थामा धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. प्रत्येक कडी मागची फेड असते आणि पुढचं कर्जही. आपल्या गोष्टीत खून होतो तोही वेळ अमावस्येच्या पूजेसाठी पाच पांडव मांडलेल्या कोपीसमोर, तेव्हा हा धागा ओढूनताणून आणावा लागत नाही. फक्त कुणाच्या तोंडी तो घालू नका.

इथे फसतं ते मुलाच्या कारणापाशी. वारशानं आलेला राग पडद्यावर पातळ दिसतो. पोराकडे त्याची स्वतःची एक आठवण हवी. खुनाच्या वेळी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भांडं, त्याच्या हातात आहे. बाप पडतो, आणि आईनं सांडू नको म्हणून बजावलेलं असल्यानं पोर ते बिंदगं सोडत नाही, तसंच घट्ट धरून उभं राहतं. सोळा वर्षांनंतरच्या रागाला हा एक शॉट पुरतो.

बाकी तपशील. खुनी इतक्या वर्षांनी गावात दिसायचा असेल तर "चौदा वर्षं झाली, सुटला" असं लिहू नका. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षेत सूट देऊन सोडण्याआधी भोगायची किमान मुदत आहे. सूट मिळाल्याचा कागद एका सीनमध्ये दिसू द्या. जुना काळ 2009 चा असेल तर बटणांचे मोबाईल, आणि एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद, औरंगाबाद. नावं 2023 मध्ये बदलली. मुलासाठी दोन कलाकार, वहिनी आणि काकाला वय वाढवण्याचा मेकअप, म्हणजे रोज दीड-दोन तास त्यातच जाणार. तीस दिवसांच्या शूटिंगमध्ये ते परवडत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

पहिलाच सिनेमा, 25-30 दिवस आणि नवे कलाकार असतील तर सरळ मांडणी घ्या, दुसरा विचार करू नका. गावच्या गोष्टीला ती सगळ्यात प्रामाणिकही आहे. लोकांना माहीत असलेला चेहरा नायक म्हणून मिळाला असेल तर दडवलेली मांडणी फळते, कारण त्याची शांतता बघायलाही प्रेक्षक थांबतो. दोन पिढ्यांना 130 मिनिटं अपुरी पडतात. 160 च्या आसपास लांबी किंवा वेब मालिका मिळत असेल तरच तिकडे जा.

निर्णय अडलाच तर वहिनीचे सीन मोजा. सरळ मांडणीत तिला पंचवीसेक सीन सहज मिळतात, दोन पिढ्यांत तीसच्या वर, दडवलेल्यात जेमतेम दहा, तेही बहुतेक रडण्याचे. भूमिकेला तोलाची अभिनेत्री मिळाली असेल तर तिसऱ्या आकड्याकडे बघून दडवलेली मांडणी सोडून द्या. दिराला घरात घ्यायचं की दार लावायचं हे ठरवणारी तीच आहे, आणि तो सीन लिहायला तुमच्याकडे निदान चार पानं शिल्लक हवीत.