केरीतली आठवडाभराची पायपीट, आठ महिन्यांनंतर

परत आल्या आल्या लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. सहलीहून आल्यावरचे पंधरा दिवस माणूस फोटो दाखवण्यात असतो, त्या दिवसांतल्या स्वतःच्या मतावर माझा विश्वास नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी काउंटीत, गाईडबरोबर चालत घालवला. आता मे उजाडलाय. बूट झिजायला लागलेत, गुडघा पूर्ववत झालाय, बँकेतला खड्डा भरलाय. आता सांगते.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वन्सं. मी सत्तावन्न, त्या एकसष्ट. मी नाशिकची, ब्रह्मगिरी-अंजनेरी पायाखालची. वन्सं निफाडकडच्या, द्राक्ष आणि टोमॅटोवाल्या. ट्रेक हा शब्द त्यांना हास्यास्पद वाटतो, कारण शेतात रोज तेवढं चालणं होतंच. भाची आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात औषध कंपनीत आहे. तिने फोनवर सांगितलं, "मामी, आईला एकटीला पाठवणार नाही, तू असशील तरच बुकिंग करते." असं ठरलं.

काय विकत घेतलं ते आधी. सात रात्री, चालण्याचे सहा दिवस. निम्मे दिवस किलार्नी, निम्मे डिंगल, ही केरीतलीच दोन गावं. अकरा जणांमागे एक गाईड, बॅगा न्यायला व्हॅन, सकाळचा नाश्ता आणि दुपारचं सँडविच. माणशी सोळाशे पन्नास युरो पडले. विमान, व्हिसा आणि रात्रीची बरीचशी जेवणं वेगळी. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. कॉर्कहून किलार्नीला आम्ही रेल्वेने गेलो, मध्ये मॅलोला गाडी बदलावी लागते.

माहितीपत्रकात सहलीची पातळी 'मध्यम' लिहिली होती. तिथला सगळ्यात उंच डोंगर कॅरनटूहिल, १,०३८ मीटर. आमचं कळसूबाई १,६४६. मी मनात म्हटलं, हे काय, दुपारच्या चहाआधी उतरून येऊ. हा माझा पहिला गैरसमज, आणि सह्याद्रीत फिरलेल्या बऱ्याच जणांचा होईल म्हणून सांगते. कळसूबाईला बारी गावापर्यंत गाडीच बरीच उंची चढून देते. इथे पायथा समुद्रसपाटीपासून फारसा वर नाही, म्हणजे डोंगर जवळजवळ अख्खा आपल्यालाच चढायचा. वारा थेट अटलांटिकवरून येतो, मध्ये अडवायला काही नाही. आणि पायाखाली आपल्यासारखा कातळ नाही. पीट आहे.

पीट म्हणजे दलदल म्हणावी तर तीही नाही. पुरतं न कुजलेलं शेवाळ आणि गवत हजारो वर्षं एकावर एक साचून झालेली काळी, स्पंजासारखी जमीन. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. हेच कापून, वाळवून लोक चुलीत जाळत आले, त्याला टर्फ म्हणतात. दिसायला हिरवं सपाट मैदान, पाय ठेवला की घोटा आत. आमच्याकडच्या पावसाळी ट्रेकमध्ये बुटात पाणी शिरतं आणि निघूनही जातं. इथे शिरतं आणि मुक्कामालाच थांबतं. टॉर्क धबधब्यावरून निघणाऱ्या जुन्या केनमेअर रस्त्यावर म्हणून जुने रेल्वे स्लीपर टाकून वाट केली आहे, वर जाळी ठोकलेली, पाय घसरू नये म्हणून. जिथे स्लीपर संपतात तिथे गाईड कामाला येते. आमची गाईड पन्नाशीची, मेंढपाळ घरातली. गवताचा रंग पाहून पाय टाकायची. फिकट, पिवळसर हिरवं दिसलं की वळसा. तिसऱ्या दिवसापर्यंत वन्सं तिच्या आधी वळायला लागल्या होत्या.

गाईड खरंच लागते का, असं मला परत आल्यावर सगळ्यात जास्त विचारलं गेलं. डिंगलच्या किनाऱ्यावर नाही लागत. पिवळ्या चालत्या माणसाच्या खुणा खांबाखांबावर आहेत. डोंगरात लागते. शिवाय तिथे कुठेही मनमुराद फिरण्याचा कायदेशीर हक्क नाही. कॅरनटूहिलसुद्धा खाजगी मालकीच्या जमिनीत आहे. शेतकरी जाऊ देतात म्हणून लोक जातात. त्यामुळे प्रत्येक फाटक उघडलं तसं लावायचं, कुंपणावरून चढायचं ते पायऱ्या असतील तिथूनच. हे सगळं ती न बोलता करायची आणि आम्ही बघून शिकायचो.

कॅरनटूहिलच्या दिवशी क्रोनिन्स यार्डहून निघालो. हॅग्ज ग्लेन नावाच्या दरीतून दोन तळ्यांच्या मधोमध वाट जाते, आणि समोर डेव्हिल्स लॅडर. शिडीबिडी काही नाही, सुट्या दगडांची उभी घळ. तळ्यापाशी ढग खाली आले. गाईडने पाच मिनिटं वर पाहिलं आणि म्हणाली, इथे जेवू आणि परत फिरू. आमच्यातला एक जर्मन गृहस्थ बराच तापला. मीही तापले, फक्त मराठीत. इतक्या लांबून आलो, पैसे मोजले, आणि तळ्याकाठी सँडविच? तिने शांतपणे सांगितलं की इथली बचाव तुकडी स्वयंसेवकांची आहे, त्यांना रविवारी जेवणावरून उठवायची माझी इच्छा नाही. वन्संनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला आणि सँडविचवर पसरायला सुरुवात केली. दोन तासांनी खाली यार्डात चहा पिताना डोंगर दिसतच नव्हता. बुकिंगच्या अटींत हवामानाप्रमाणे बदल होईल असं लिहिलेलं असतं. ते वाचा, आणि शिखरासाठी जाणार असाल तर हातात एक जादा दिवस ठेवा. आमच्या कार्यक्रमात तो नव्हता, हा मला आजही दोष वाटतो.

किलार्नीत एक गोष्ट फुकट मिळाली. सप्टेंबर संपता संपता लाल हरणांचे नर माजावर येतात. पहाटे हॉटेलच्या खिडकीतून त्यांचं ओरडणं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी वन्सं दचकून उठल्या, म्हणाल्या, कुणाची म्हैस अडली का बघ.

डिंगलला गेल्यावर डोंगर समुद्राला चिकटतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्युशियाच्या फुलांची लाल झुंबरं, खाली काळा खडक आणि पांढरा फेस. पाट्या फक्त आयरिशमध्ये, कारण हा गेल्टाख्ट म्हणजे आयरिश बोलणारा पट्टा. पण गावाच्या नावावरून इथे भांडण झालं होतं. २००५ मध्ये सरकारने डिंगल हे नाव काढून फक्त आयरिश नाव ठेवलं, तर पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून ते परत मागितलं. नावांवरून होणाऱ्या भांडणांची आम्हाला सवय आहे, त्यामुळे दोघीही मन लावून ऐकत होतो.

स्ले हेड या किनाऱ्यावरच्या टोकाच्या वरच्या चढावर वन्सं थांबल्या. समोरच्या डोंगराच्या उतारावर, मेंढ्यांच्या चरणात, बारीक पट्टे दिसत होते. उन्हं कलती होती म्हणून सावल्या पडून जास्त ठळक झालेले. "अगं, हे सरी-वरंबे आहेत," त्या म्हणाल्या. "पण उभे का काढलेत? आपण तर उतारावर आडवे काढतो." मी गाईडला विचारलं. ती थबकली, कारण हा प्रश्न तिला कुणी सहसा विचारत नसावं. आपण पाणी अडवायला आडवे काढतो. इथे पाणी इतकं की ते काढून द्यायला उभे. बटाट्याचे वाफे होते ते, फावड्याने काढलेले. समुद्रातलं शेवाळ आणि वाळू पाठीवर वाहून आणून खत म्हणून घातलेली. चांगली जमीन जमीनदारांच्या धान्याला आणि गुरांना, कुळांच्या वाट्याला असले चढ. बटाटाच तेवढा येई तिथे. आणि तोही बहुतेक एकाच वाणाचा, लंपर नावाचा, डोळ्यापासून डोळा लावत आलेला. म्हणून १८४५ मध्ये रोग आला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सगळंच पीक गेलं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर एक्क्याऐंशी-ब्याऐंशी लाख लोक होते. आज पावणेदोनशे वर्षांनीही बेट त्या आकड्याला पोचलेलं नाही. कितीतरी वाफे तेव्हा सोडले ते पुन्हा कुणी नांगरले नाहीत, म्हणून अजून दिसतात.

"रोग कुठला?" वन्संनी विचारलं. गाईडने नाव सांगितलं, मी मोबाईलवर शोधलं. करपा. आमच्या टोमॅटोवर ढगाळ हवा आणि रात्रीची थंडी एकत्र आली की येतो तोच, उशिराचा करपा. वन्सं कमरेवर हात ठेवून त्या डोंगराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोरचूद-चुना मारायचा ना." बोर्डो मिश्रण. ते फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी हाती आलं १८८० च्या दशकात, म्हणजे इथल्या लोकांना चाळीस वर्षं उशिरा. मी हे भाषांतर करून सांगितलं. पुढचे दोन दिवस गाईड आणि वन्सं पुढे, मी दुभाषी म्हणून मध्ये, आणि बाकीचे नऊ मागे. गाईडला बोर्डो कसं कालवतात ते सगळं समजून घ्यायचं होतं. चुना आधी की मोरचूद आधी यावर इंग्रजी शब्द शोधताना माझी दमछाक चढावापेक्षा जास्त झाली.

सोळाशे युरोंचा हिशेब मी याच एका दुपारवर जुळवते. मॅप घेऊन एकटी गेले असते तर ते पट्टे मला दिसले असते, सुंदर म्हणून फोटोही काढला असता.

बाकीचं भराभर. गॅलरसचं दगडी प्रार्थनाघर पाहिलं, चुना न वापरता रचलेलं, उलटी ठेवलेली होडी जणू. आत कोरडं होतं. सिन्नरच्या गोंदेश्वराची आठवण आली, पण हे फार लहान आणि साधं. ब्लास्केट बेटावरची वस्ती १९५३ मध्ये सरकारने हलवली, तिथे जायची बोट लाटांमुळे रद्द झाली. डनक्विनच्या धक्क्यावर उभं राहून पाहिलं, तेवढंच. त्या बोटीचे पैसे परत मिळायला सहा आठवडे आणि चार ईमेल लागले.

तक्रारी आणखी आहेत. शाकाहारी म्हटलं की रोज बकरीच्या दुधाचं चीज. एकदा बॅगा रात्री साडेआठला आल्या, तोवर ओले मोजे पायातच. आणि अकरा जणांना एक गाईड कमी पडते. माझा गुडघा पाचव्या दिवशी बोलायला लागला, तेव्हा माझ्यासाठी सगळ्यांना थांबावं लागलं. कंपनीने दुसरा माणूस द्यायला हवा होता.

घेतलेल्या सामानाचं आता कसं आहे? महागडा वॉटरप्रूफ रेनकोट आमच्या पावसाळ्यात चालेल असं वाटत नाही. मार्चमध्येच घालून पाहिला तर आतून घामाने भिजले, तो थंड हवेचा आहे. बूट उत्तम, पण ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर जड वाटतात. काठ्या घेतल्याच पाहिजेत, मी आता अंजनेरीलाही नेते. गेटर मात्र, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे ते, मला वाटलं होतं पुन्हा कधी लागणार नाहीत. डिसेंबरात वन्सं घेऊन गेल्या. पहाटे गव्हात पाणी धरायला जाताना दवाने सलवार ओली होते, म्हणून वरून बांधतात. जानेवारीत मागितले तेव्हा म्हणाल्या, "मार्चपर्यंत थांब गं." मार्च होऊन गेला.