मोजे काढायला लावणाऱ्या डॉक्टर मॅडम, पंचवटी : चार स्टार

निमाणी स्टँडपासून पायी पाच मिनिटांवर, गल्लीत पहिल्या मजल्यावर हा दवाखाना आहे. फोनवर नंबर लावत नाहीत. वहीत नाव लिहायचं आणि बसायचं. ह्यांच्या अंगात 103 ताप असताना आम्ही दोन तास बसलो, त्याचा एक स्टार कापला.

आम्ही मखमलाबादचे, दारात पाच गायी. श्रावणात ह्यांना ताप भरला. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, विडाल जरासं पॉझिटिव्ह. झालं, टायफॉइड! पाच दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं, ताप मात्र ढिम्म हलेना. मनगटांवर, घोट्यांवर लाल ठिपके उठले तर म्हणे औषधाची अ‍ॅलर्जी.

मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी मोजे काढायला लावले. तळपायांवर ठिपके, तळहातांवरही. मग विचारलं, "काका, घरी जनावरं आहेत का? गोचिडी कोण काढतं?" ह्यांनी कौतुकाने अंगठ्याची नखं दाखवली. गोचीड उपटायची आणि दोन नखांत चिरडायची, लहानपणापासूनची सवय!

गोचीडताप म्हटल्यावर सासूबाई रडायलाच लागल्या. धाकट्या नणंदेला दोडामार्गला दिलंय, तिथला माकडताप त्यांनी ऐकलेला. मॅडमनी शांतपणे सांगितलं, माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणूचा, त्यावर नेमकं औषध नाही. हा रिकेट्सिया नावाच्या जंतूचा. तो पेशीत दडून बसतो, तिथे आधीचं इंजेक्शन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालतं. 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. वेल-फेलिक्स तपासणीला रक्त पाठवलं, पण "ती पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येते, रिपोर्टसाठी गोळी थांबवायची नाही" असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. हे उठून बसले आणि भाकरी-ठेचा मागितला. ठेचा नाही दिला. गोळ्यांचं बिल आधीच्या हॉस्पिटलच्या नुसत्या पार्किंगच्या पावत्यांइतकंही नव्हतं.

मॅडम बोलायला तुटक आहेत, दुसऱ्यांदा विचारलं की कपाळाला आठ्या. पण निघताना चिठ्ठीच्या मागे गोचिडीचं चित्र काढून दिलं: चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ ओढा, चिरडू नका, रॉकेल लावू नका. ती चिठ्ठी गोठ्याच्या खांबाला लावलीय. जाणार असाल तर साडेनऊच्या आत वहीत नाव लिहा.