६ इंची स्वस्त बेंच ग्राइंडर: पावसाळ्यापासून वापरून राहिलो, त्याचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता धानाची चुरणी आटोपली. मधात तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी झाले, दोन घरांच्या चौकटी-दारं झाली, वखर-डवऱ्याची किरकोळ कामं तर चालूच असतात, आणि या सगळ्याची पटाशी, किकरं, रंध्याची पाती, वासला यालेच धरून धार काढली. लोक विचारतात का कोणता घ्यावा, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भावात मी जेवढे पाहिले ते आतून सारखेच वाटले, रंग आणि स्टिकर तेवढा वेगळा. ६ इंची म्हणजे १५० एमएमचं चाक, अर्धा एचपी मोटर, २८५० आरपीएम, चार हजाराच्या आत. मोटरबद्दल काही तक्रार नाही. पण एक गोष्ट आधीच सांगतो, हजार-दोन हजार जास्त टाकून भारी मशीन घ्यायचं मनात असेल तर थांबा, तेच पैसे चाकात आणि ड्रेसरमध्ये (चाकाचं तोंड घासून सरळ करायचं हत्यार) टाका.

काऊन, ते पाहा. सोबत जे दोन राखाडी चाकं येतात, एक ३६ नंबर एक ६० नंबर (नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक), ते वेल्डिंगचा मणी काढायला, कुदळ-सब्बल घासायला एक नंबर. पटाशीले नाही. त्याचा बाँड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा मसाला, कडक असते, बोथट झालेले कण सुटतच नाहीत, चाकावर चकाकी येते आणि मग ते कापत नाही, नुसतं घासते आणि तापवते. पोलाद २३० डिग्रीच्या आसपास गेलं का कडेले पिवळसर झाक येते, ३०० च्या जवळ निळी. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली का तिचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. आणि आमच्या भागात काम सागवानाचं, सागवानात सिलिका असते, ते चांगली धारही लवकर मारते, तिथं पाणी उतरलेली पटाशी दोन होलं पाडेपर्यंत टिकत नाही. रंध्याचं पातं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) असेल तर मात्र घाबरायचं काम नाही, ते ५०० डिग्रीच्या वर गेलं तरी कडकपणा धरून राहते, फक्त लालभडक तापलेलं एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक चिरा पडतात.

तर पांढरं चाक घ्या. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मागितलं तर हिरवं काढून देतात, "हे फाइन आहे, हेच न्या" म्हणून. हिरवं म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ते कार्बाइडच्या टिपेसाठी, आपल्या पोलादाच्या हत्यारासाठी नाही. मला शेवटी नागपूरले इतवारीत लोहाओळीत भेटलं, कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनीचं, हजाराच्या आत. चाकावर डब्ल्यूए ६० के व्ही असं काही लिहिलेलं असते ते वाचून घ्या. डब्ल्यूए म्हणजे पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० म्हणजे दाणा, के म्हणजे बाँड किती कडक (अक्षर जेवढं अलीकडचं तेवढं चाक नरम, जे किंवा के घ्या, पी-क्यू घेऊ नका), व्ही म्हणजे चिनीमातीसारखा भाजलेला बाँड. नरम चाक लवकर झिजते हे खरं, पण झिजते म्हणूनच नवा धारदार दाणा वर येत राहते आणि हत्यार थंड राहते. माझं चाक एवढं काम होऊनही निम्म्याच्या वर शिल्लक आहे.

घेताना भोक मोजा. पुष्कळ चाकांचं भोक सव्वा इंच असते आणि या मशीनचा शाफ्ट अर्धा इंच, मधात प्लास्टिकचे बुश लागतात, ते दुकानातूनच मागून घ्या, कागद गुंडाळून बसवायचे धंदे करू नका बाप्पा. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असते हेही ध्यानात ठेवा, नाहीतर जोर लावून लावून आटेच जातील. बसवायच्या आधी चाक बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तडा आहे, फेकून द्या. चाकावर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनपेक्षा जास्त पाहिजे. पहिल्यांदा सुरू केलं का बाजूले उभं राहून मिनिटभर रिकामं फिरू द्या, समोर उभं राहू नका.

दुसरा खर्च डायमंड ड्रेसरचा, टी आकाराचा. नवं चाक कितीही चांगलं असलं तरी थोडं लंगडतेच, त्यात या मशीनच्या फ्लँजा (चाक दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या चकत्या) पातळ पत्र्याच्या, त्यामुळे सुरुवातीले माझं सगळं टेबल थरथरत होतं. रेस्टवर (चाकासमोर हत्यार टेकवायची पट्टी) ड्रेसर टेकवून हलक्या हातानं इकडून तिकडे फिरवला, पांढरी धूळ उडाली (मास्क लावा), आणि थरथर निम्म्याच्या वर गेली. बाकीची थरथर, मशीन बाभळीच्या ठोकळ्यावर बोल्टनं आवळल्यावर गेली.

सगळ्यात रद्दी भाग म्हणजे टूल रेस्ट. वाकवलेला पत्रा, पटाशी थोडी दाबली का खाली झुकते, कोन जागेवर राहतच नाही. मी तो काढून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा दुसरा बनवून घेतला, पुढे-मागे आणि वर-खाली सरकणारा. रेस्ट आणि चाकात ३ एमएमपेक्षा जास्त फट ठेवू नका, हत्यार आत ओढलं जाते. कोनासाठी टिनाच्या पत्र्याची २५ डिग्रीची खाच कापून ठेवली आहे. पत्रा नसेल तर सोपा हिशोब, उताराची (धारेकडच्या तिरप्या भागाची) लांबी पटाशीच्या जाडीच्या दुप्पट म्हणजे ३० डिग्री, अडीचपटीच्या थोडी आत म्हणजे २५. वासल्याले हे काही लागू नाही, तो ट्रकच्या कमानपट्ट्याचा लोहारानं घडवलेला, त्याले त्याचाच जुना उतार धरून चालायचं.

धरताना बोट धारेच्या जवळ उघडं ठेवायचं, हातमोजा नाही. बोटाले चटका लागायच्या आत पाण्यात बुडवायचं, जोर लावायचा नाही, एका जागी थांबायचं नाही. ठिणग्या आधी पात्याच्या खालून जातात, मग एका कोपऱ्यातून एक-दोन ठिणग्या पात्याच्या वरून यायला लागतात, म्हणजे तिथं धार कडेपर्यंत पोचली. तो कोपरा सोडून बाकीची कड घ्यायची, आणि सगळ्या रुंदीवर वरून ठिणग्या आल्या का बंद. पुढचं काम सहाणेचं. चाक गोल असल्यामुळे उतार मधात पोकळ होते, सहाणेवर फक्त टाच आणि टोक टेकते, त्यामुळे काम पटकन होते आणि पुढची बरीच दिवसं नुसत्या सहाणेवर भागते. ग्राइंडरवरूनच सरळ लाकडाले लावणाऱ्याले माझ्या बाबांचा रागच येते, आणि ते बरोबरच आहे, ६० नंबरची धार म्हणजे करवतीचे दातच.

"८ इंची काऊन नाही घेतला" असं एका भौनं विचारलं. २८५० आरपीएमवर ६ इंची चाकाची कड सेकंदाले २२ मीटर पळते, ८ इंचीची ३० मीटर, म्हणजे मोठं चाक उलट जास्त तापवते. १४४० आरपीएमवाला ८ इंची मिळाला तर गोष्ट वेगळी, तो लयच भारी, पण त्याचे पैसे आपल्या खिशातले नाहीत. आणि जे लोक ४ इंची हँड ग्राइंडर पायाखाली धरून पटाशी घासतात त्यांच्यासाठी, त्याची कड ५५ मीटरच्या वर पळते, आता तुम्हीच पाहा.

लाइनचं वेगळं दुखणं. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले का आमच्याकडे व्होल्टेज १७० वर येते. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणजे १७० वर ती जवळपास अर्धीच राहते, चाक नुसतं घुंऽऽ करते आणि फिरत नाही. अशा वेळी स्विच चालू ठेवून हातानं चाक ढकलणारे पाहिले आहेत, करू नका, वायंडिंगही जाते आणि बोटंही. मी धारेचं काम सकाळीच उरकतो. मशीनच्या प्लेटवर एस२ ३० मिनिट लिहिलं आहे, म्हणजे अर्धा तास चालवून थंड होऊ द्यायचं, ते पाळलं तर बॉडी हात लावण्याइतकीच गरम होते.

बाकी किरकोळ तक्रारी. डोळ्यासमोरचं प्लास्टिक महिनाभरातच ओरखड्यांनी आंधळं झालं, तसाही चष्मा लागतेच. स्विच दिवाळीच्या सुमारास अडकायला लागला, दुकानदारानं वॉरंटीत स्विच येत नाही म्हणून हात वर केले, इलेक्ट्रिकवाल्याकडून बदलून घेतला. उजव्या बाजूले राखाडी ३६ नंबर तसंच ठेवलं आहे, गावातले लोक विळे-कुऱ्हाडी घेऊन येतात ते तिकडेच. पांढऱ्या चाकाले कोणाले हात लावू देत नाही, आणि त्यावर पितळ-अ‍ॅल्युमिनियम तर बिलकुल नाही, चाकाचे छिद्रं बुजतात.