नकाशाबाहेरचा विश्वचषक: कॉनिफाचे सामने बघावेत का, आणि सुरुवात कुठून करावी

युरोपातल्या लीग मेच्या अखेरीस आटोपतात, मोठी स्पर्धा जूनच्या मध्यावर सुरू होते, आणि मधल्या दहा-बारा दिवसांत रात्री टीव्हीसमोर बसायला काही कारणच उरत नाही. कॉनिफा या फिफाबाहेरच्या संघटनेचा विश्व फुटबॉल चषक नेमका याच फटीत बसवलेला असायचा. २०१४ मध्ये १ ते ८ जून, २०१८ मध्ये ३१ मे ते ९ जून. इंदुरात हे नाव ऐकलेले लोक थोडे, सामने बघितलेले त्याहून थोडे. ज्यांना रेकॉर्डिंग शोधून बघायची आहेत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये चारचौघांना दाखवायची आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण.

फिफाचे सभासद २११. त्यात ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी कॉनिफा ही संघटना २०१३ मध्ये सुरू झाली, नोंदणी स्वीडनची. ‘देश नसलेल्यांची स्पर्धा’ असं तिला सरसकट म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. तुवालू हा संयुक्त राष्ट्रांचा सभासद असलेला रीतसर देश, वस्ती जेमतेम ११ हजार, आणि तोही इथे खेळला आहे. सोबत तिबेट, उत्तर सायप्रस, जॉर्जियातून फुटलेला अबखाझिया, उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी, झिम्बाब्वेतलं माटाबेलेलँड, ब्रिटनमधल्या पंजाब्यांचा ‘पंजाब’, जपानमधले कोरियन. सभासदत्वाच्या अटी तर मुद्दाम वाचाव्यात. संघटना फिफात नसावी आणि यादीतला एक तरी निकष लागू व्हावा. त्यातला एक निकष असा, की भाषिक अल्पसंख्याकांची भाषा आयएसओ ६३९-२ या भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असावी. त्या यादीत मराठी आहे, संकेत ‘एमएआर’. म्हणजे इंदुरातल्या रामबाग आणि लोकमान्य नगर या मराठी वस्त्यांनी मिळून अर्ज भरायला कागदोपत्री हरकत दिसत नाही. नव्वद मिनिटं पळणारे अकरा जण मिळतील का, एवढाच प्रश्न.

स्पर्धेची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिची आखणी. २०१८ मध्ये लंडनला १६ संघ होते, चारचे चार गट. गटात हरलेला संघ घरी जात नाही. पहिले आठ वरच्या जागांसाठी आणि उरलेले आठ नवव्या ते सोळाव्या जागेसाठी खेळत राहतात. त्यामुळे प्रत्येक संघाला सहा सामने मिळतात आणि कागदावर एकूण ४८ सामने होतात. वर्गणी काढून, रजा टाकून आलेल्या संघाला तीन सामन्यांत परत पाठवण्यापेक्षा हे किती तरी शहाणपणाचं. बघणाऱ्याचाही फायदा होतो. तळाच्या संघांची गाठ शेवटी आपल्याच तोडीच्या संघाशी पडते, आणि तेरावा-चौदावा ठरवणारी मॅच बरेचदा उपांत्यपूर्व फेरीपेक्षा रंगते.

याच आखणीत दुखणंही आहे. लंडनमध्ये गटाचे सामने ३१ मे, २ जून आणि ३ जूनला होते, नंतर ५, ७ आणि ९ जून. दहा दिवसांत सहा सामने, त्यातले दोन लागोपाठच्या दिवशी. हौशी खेळाडूंचे पाय चौथ्या सामन्यापर्यंत जड होतात. बचावफळी मागे सरकते, मधल्या फळीत मोठी पोकळी पडते आणि दुसऱ्या अर्धात नुसते लांब चेंडू मारले जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याने गटातले पहिले सामने निवडावेत, तेव्हा पायात जान असते.

बरोबरी झाली की जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. थकव्यावर उपाय म्हणून हे ठीक, पण त्याचा परिणाम असा की तिन्ही अंतिम सामने पेनल्टीवरच सुटले. २०१४ मध्ये स्वीडनच्या ओस्टरसुंडला फ्रान्समधल्या नीसने एलन व्हॅनिनला, म्हणजे आइल ऑफ मॅनला, ०-० नंतर ५-३ ने हरवलं. २०१६ मध्ये अबखाझियाची राजधानी सुखुमीत यजमान अबखाझियाने पंजाबला १-१ नंतर ६-५ ने. २०१८ मध्ये लंडनच्या एनफिल्डला कारपाताल्याने उत्तर सायप्रसला ०-० नंतर ३-२ ने. एकच फायनल बघायची असेल तर २०१६ची बघा. पंजाब पुढे होता, यजमानांनी अगदी शेवटी बरोबरी साधली, आणि भरलेल्या मैदानाचा आवाज मोबाइलच्या स्पीकरमधूनही कळतो. २०१८ची फायनल पूर्ण बघायला चिकाटी लागते. तिथे शेवटची पंधरा मिनिटं आणि शूटआउट पुरे.

२०१८चा विजेता मात्र लक्षात ठेवावा. कारपाताल्या हा युक्रेनच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या हंगेरियनांचा संघ. भाषा एका देशाची, पत्ता दुसऱ्या देशाचा. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे फोड करून सांगावं लागत नाही. मुळात हा संघ यादीत नव्हताच, फेलविदेक या संघाने माघार घेतल्यावर बदली म्हणून आला आणि चषक घेऊन गेला. पुढे युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांनी या खेळाडूंची चौकशी करा म्हणून मागणी केली. संयोजक ‘आम्ही राजकारणात नाही’ म्हणतात, पण खेळाडूंना घरी गेल्यावर ते सोडत नाही.

नियमांत एक गोष्ट वेगळी, ती म्हणजे ग्रीन कार्ड. पिवळं आणि लाल यांच्या मधलं. रेफरीशी हुज्जत घातली किंवा धक्का न लागता लोळण घेतली, की खेळाडूने मैदान सोडायचं. बदली खेळाडू शिल्लक असेल तर तो आत येतो, नसेल तर संघ दहावर येतो. पुढच्या सामन्याची बंदी नाही. कल्पना झकास आहे आणि आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांत उद्यापासून लावण्यासारखी. खाच एकच: सगळे बदल लवकर वापरणाऱ्या प्रशिक्षकाला शेवटच्या वीस मिनिटांत हे कार्ड लाल कार्डाइतकंच महाग पडतं.

आता बघण्याची सोय. सामने एका जागी, एका वर्गणीत मिळत नाहीत. पूर्ण सामने आणि झलका इंटरनेटवर विखुरलेल्या आहेत. शोधताना स्पर्धेच्या नावापेक्षा दोन्ही संघांची नावं आणि वर्ष इंग्रजीत टाकलं तर लवकर सापडतं. चित्रण मोजक्या कॅमेऱ्यांचं, रिप्ले कमी, धावफलक बारीक. त्यामुळे हॉलमधल्या दहा फुटी पडद्यावर प्रोजेक्टरने दाखवू नका, चेंडूचा नुसता पांढरा ठिपका होतो. ४३ इंची टीव्ही आणि समोर पंधरा-वीस माणसं, एवढंच झेपतं. ७२० पिक्सेलला तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा जातो, तेव्हा पूर्ण सामन्याला दोन ते तीन जीबी धरून चाला. घरचं वाय-फाय असेल तरच पूर्ण सामना लावा. खेळाडूंची नावं समालोचकांनाही नीट येत नाहीत, म्हणून संघयादी आधीच कागदावर छापून ठेवलेली बरी.

पुढे कधी थेट प्रक्षेपण बघायचा योग आला तर वेळेचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, स्वीडन साडेतीन, सुखुमी अडीच. लंडनचा दुपारी ३ चा सामना आपल्याकडे साडेसातला, संध्याकाळी ६ चा साडेदहाला. म्हणजे पहिला बघून सराफ्यात खाऊन यायला पुरेसा वेळ मिळतो.

हे ‘कधी’ मात्र कोणी सांगू शकत नाही, आणि तिथेच ही स्पर्धा मार खाते. यजमानपद सोमालीलँडला मिळालेलं होतं, ते काढून २०२०ची स्पर्धा उत्तर मॅसिडोनियात स्कोप्येला नेली, आणि महामारीत ती रद्द झाली. २०२४ साठी कुर्दिस्तान ठरलं, तेही झालं नाही. कारण उघड आहे. मान्यता नसलेल्या प्रदेशात स्पर्धा घ्यायची तर विमा, व्हिसा, बँकेचे व्यवहार, सगळंच अडतं. सुखुमीला रशियामार्गे गेलं, तर जॉर्जियाच्या कायद्याने तो प्रवेश बेकायदा. लंडनला हे प्रश्न नव्हते, कारण यजमान नावापुरता ‘बरावा’ हा संघ, बरावा म्हणजे सोमालियातलं बंदराचं गाव, आणि प्रत्यक्ष मैदानं लंडन परिसरातल्या छोट्या क्लबांची. तरीही तिथे बरावा संघाने एक खेळाडू उशिरा यादीत घातल्यावरून वाद झाला आणि एलन व्हॅनिन स्पर्धा अर्धवट सोडून गेला. खेळाडूंच्या नोंदणीची मुदत काटेकोर नसली की गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत जे होतं तेच इथे झालं.

आखणीला पाचपैकी साडेचार, नियमांना चार, चित्रणाला दोन, भरवशाला एक. खेळाचा दर्जा फार वरखाली होतो, त्याला गुण देण्यात अर्थ नाही. या प्रकारच्या जुन्या स्पर्धेत, २००६ च्या विवा विश्वचषकात, सामींनी मोनॅकोला २१-१ ने हरवलेलं आहे. आकडा बघूनच सामना निवडा.

तिबेटचे सामने निकालासाठी बघू नयेत. २०१८ मध्ये त्यांच्या गटात गतविजेता अबखाझिया आणि पुढे फायनल खेळलेले दोन्ही संघ होते. त्यांचे बरेच खेळाडू भारतात वाढलेले, पासपोर्टऐवजी भारत सरकारच्या आयडेंटिटी सर्टिफिकेटवर प्रवास करणारे, आणि तिबेटी वस्त्यांच्या आपसातल्या ग्याल्युम चेमो गोल्ड कपमधून वर आलेले. तो कप १९८१ पासून चालू आहे. थंडीत इंदुरात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार लागतो, तेव्हा भाव करून झाल्यावर त्या कपाबद्दल विचारून बघा. यंदा कुठली वस्ती जिंकली ते इंटरनेटपेक्षा तिथे लवकर कळतं.