साधा फंक्शन जनरेटर आणि एलसी बँडपास: १६ बिट एडीसी तपासायला पुरतात का? (काही महिन्यांच्या वापरानंतर)

निकाल आधीच सांगतो. एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं प्रमाण) मोजायला जनरेटर आणि एलसी बँडपास (कॉइल-कपॅसिटरचा, ठराविक वारंवारतेलाच वाट देणारा फिल्टर) ही जोडी पुरते, टीएचडी (हार्मोनिक्समुळे होणारी एकूण विकृती) मोजायला पुरत नाही.

तपासायचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) १६ बिट, १ एमएसपीएस (सेकंदाला दहा लाख सॅम्पल), एसएआर (पायरीपायरीने तुलना करणाऱ्या) जातीचा. फुल स्केल ५ व्होल्ट पीक-टू-पीक, डेटाशीटमध्ये एसएनआर ९१ डीबी. म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज साधारण ५० मायक्रोव्होल्ट आरएमएस. जनरेटरचा नॉइज १०० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ धरा. नायक्विस्ट (सॅम्पलिंग वेगाच्या निम्मी वारंवारता) ५०० किलोहर्ट्झ, तेव्हा तेवढ्यापुरताच नॉइज मोजायचा असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच हिशोब फसतो. एडीसीच्या तोंडाशी असलेल्या २० ओहम–२.७ नॅनोफॅरड आरसीची नॉइज बँडविड्थ ४.६ मेगाहर्ट्झ येते. त्यातलं नायक्विस्टच्या वरचं सगळं दुमडून खाली येतं. जनरेटरचे २१५ आणि एडीसीचे ५०, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की २२१ मायक्रोव्होल्ट. स्क्रीनवर ७८ डीबी दिसतात आणि चांगला एडीसी उगाच बदनाम होतो.

नॉइज कुणाचा हे ओळखायला जनरेटरनंतर ६ डीबीचा ५० ओहम पॅसिव्ह अटेन्युएटर लावा. जनरेटरची अँप्लिट्यूड कमी करून हे साधत नाही, कारण आतला नॉइज त्याच प्रमाणात उतरेल याची खात्री नसते. अटेन्युएटरने जनरेटरचा नॉइज निम्मा होतो, एडीसीचा तसाच राहतो. वरच्या आकड्यांत २२१ चे ११९ होतात. दोन्ही वाचनांच्या वर्गांतला फरक गुणिले ४/३ म्हणजे जनरेटरचा वर्ग. तो पहिल्या वर्गातून वजा केला की एडीसी उरतो. कागदावर हे छान दिसतं. पण पहिलं वाचन नुसतं २ टक्के वर गेलं तरी एडीसीचा आकडा १ डीबीहून जास्त सरकतो. मोठ्यातून मोठं वजा करून छोटं काढण्याचा हा धोका आहे. म्हणून आधी फिल्टर, वजाबाकी नंतर.

फिल्टर १० किलोहर्ट्झचा सिरीज एलसी: गॅप असलेल्या पॉट कोअरवर (फेराइटच्या डबीतली कॉइल) १५.९ मिलिहेन्री, कपॅसिटर १० नॅनो, ५.६ नॅनो आणि ट्रिमिंगला ३३० पिकोफॅरड समांतर. दोन्ही बाजूंना ५० ओहम, क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) १० च्या आत. जनरेटरचा नॉइज २१५ वरून ४ मायक्रोव्होल्टवर येतो, वजाबाकीची गरजच उरत नाही. कपॅसिटर मात्र जपून निवडा. पूर्ण स्केलला त्याच्यावर ५० व्होल्ट पीक येतात. एक्स७आर (सिरॅमिकचा एक प्रकार) लावलात तर व्होल्टेजबरोबर कपॅसिटन्स बदलते आणि हार्मोनिक्स फिल्टरमध्येच तयार होतात. १०० व्होल्टच्या वरचे पॉलिप्रॉपिलीन घ्या. फिल्टरनंतर लो-नॉइज बफर हवाच, नाहीतर एडीसीचा किकबॅक (सॅम्पल घेताना मागे फेकलेला झटका) थेट एलसीवर आदळतो.

टीएचडीला का नाही? २० किलोहर्ट्झला या फिल्टरचं अटेन्युएशन जेमतेम २३ डीबी. जनरेटरचा दुसरा हार्मोनिक (१० च्या दुप्पट, म्हणजे २० किलोहर्ट्झचा) −६५ डीबी असेल तर −८८ पर्यंतच खाली जातो. त्यासाठी कमी विकृतीचा ऑसिलेटरच लागतो.

रोजच्या वापरात त्रास होतो तो तापमानाचा. उन्हाळ्यात मध्य वारंवारता सरकते. तेव्हा ट्रिमर फिरवत बसू नका. ६५५३६ सॅम्पलला ६५५ सायकल, म्हणजे ९९९४.५ हर्ट्झ, धरली असतील तर ६५३ किंवा ६५७ घ्या. सायकलींची संख्या पूर्ण असली की कोहेरन्स (सॅम्पलच्या संचात नेमक्या पूर्ण सायकल बसणं) टिकतो, विषम असली की तेच ते सॅम्पल पुन्हा येत नाहीत आणि दर पायरीला ३०.५ हर्ट्झ सरकता येतं. जनरेटर आणि सॅम्पलिंग क्लॉक एकाच १० मेगाहर्ट्झ रेफरन्सवर बांधलेले हवेत, नाहीतर ब्लॅकमन-हॅरिस विंडो लावावी लागते.

शिवाय पॉट कोअर एसएमपीएसपासून (स्विचिंग पॉवर सप्लाय) हातभर लांब ठेवा आणि लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. फिल्टरनंतर शिरलेला ५० हर्ट्झचा हम फिल्टर अडवू शकत नाही.

१०० किलोहर्ट्झला तपासायचं असेल तर फिल्टर वेगळा बांधाच, पण त्याआधी क्लॉक बघा. ५० पिकोसेकंद जिटर (क्लॉकच्या वेळेतला डळमळीतपणा) असला की एसएनआर ९० डीबीच्या वर जातच नाही, सिग्नल कितीही स्वच्छ असो.