अंदमानात जादाची रात्र कुठं काढावी: हॅवलॉकला की नीलला?

अंदमानची सहल ठरवताना आपली जळगाव-भुसावळकडची मंडळी सकाळचा हिशेब पक्का करतात. बोट किती वाजता, स्नॉर्कलिंग कुठं, ग्लास बॉटम बोटीचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का. संध्याकाळ कुणी हिशेबात धरत नाही. धरायला हवी, कारण तिथं ती लवकर येते आणि लांबते. डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो, साडेपाच-पावणेसहाला रस्त्यावर टॉर्च लागतो. जळगाव ७५ रेखांशाच्या जरा पुढं, ही बेटं ९३ च्या आसपास, घड्याळ मात्र एकच. नुसत्या रेखांशाचा फरक ७० मिनिटांचा. हिवाळ्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा थोडा मोठा असतो म्हणून तो ५० मिनिटांवर येतो, मे महिन्यात गेलात तर सव्वा तासाच्याही वर जातो. झोप मात्र आपल्या सवयीनं दहा-साडेदहालाच येते. मधल्या चार-पाच तासांचं करायचं काय? हाताशी एखादी जादा रात्र असेल तर ती कुठल्या बेटावर टाकायची, हे मी तरी याच प्रश्नावर ठरवीन.

नावांचा घोळ आधी मिटवतो. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं असतात, रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी. इथं मीही जुनीच वापरतो.

पोर्ट ब्लेअरला मी या तुलनेत धरत नाही. तिथली एक संध्याकाळ सेल्युलर जेलच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला द्यायचीच, त्यात मराठी माणसाला विचारायचं काही नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या इमारतीच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. दिवसा कोठडी पाहून घ्या आणि अंधार पडल्यावर त्याच अंगणात बसा. हिंदी खेळाची तिकिटं गर्दीच्या दिवसांत संपतात, ती आधीच काढून ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी मात्र पोर्ट ब्लेअर हे साधं गावच आहे, बाजार आणि ट्रॅफिक.

आता हॅवलॉक. संध्याकाळी काहीतरी चालू असलेलं बेट हवं असेल तर ते हेच. मुक्कामाची ठिकाणं बहुतेक पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यानं ओळीनं आहेत. तिथं कॅफे आहेत, गिटार घेऊन बसणारी पोरं आहेत, कुठं कराओके, कुठं माडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. शुद्ध शाकाहारी थाळी मिळते, कांदा-लसूण नको म्हटलं तर चेहरा न पाडता देणारेही भेटतात. आमच्या वहिनींची ही मोठी काळजी होती, ती हॅवलॉकला मिटली. मोबाइलही बरा चालतो. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून जी सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली, तिच्या यादीत पोर्ट ब्लेअरबरोबर हॅवलॉक आहे, नील नाही. क्रिकेटची मॅच चुकवायची नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, हॅवलॉक घ्या.

हॅवलॉकची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे रात्रीचं कयाकिंग. वाटाड्या बरोबर घेऊन खारफुटीच्या खाडीत होडी वल्हवायची. वल्ह्यानं पाणी हललं की त्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. चंद्र नसलेली रात्र लागते, पौर्णिमेच्या आसपास पैसे घालवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात ते जवळपास येतच नाही, त्यामुळे घरी दाखवायला काही उरत नाही याचीही तयारी ठेवा. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेटवर भागतं. आमचे दादा तापीकाठचे असूनही पाण्याला बिचकतात, तेसुद्धा बसले.

एवढं सगळं असून माझं पारडं दुसरीकडं का झुकलं, त्याचं कारण तसं क्षुल्लक आहे. बाहेर थांबलेली गाडी.

हॅवलॉकचा सूर्यास्त राधानगरला, म्हणजे पश्चिमेला. मुक्काम पूर्वेला. मधे दहा-बारा किलोमीटरचा, जंगलातून जाणारा रस्ता. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेली ही जागा, पाहायलाच हवी, त्यामुळे बेटावरचा प्रत्येक पाहुणा त्याच वेळी तिथं. तुम्हाला नेणारा गाडीवाला बाहेर थांबलेला असतो. त्याला पुढचं भाडं गाठायचं असतं आणि त्याचंही चुकत नाही, त्याची कमाईच हंगामातली. पण सूर्य पाण्याला टेकतो न टेकतो तोच फोन वाजतो, “सर, कितना टाइम?” इकडं सुरक्षारक्षकांच्या शिट्ट्या सुरू होतात, अंधारात किनाऱ्यावर थांबू देत नाहीत. पाण्यातून बाहेर, वाळूतून बाहेर, चपला शोधा, पोरांचे पाय धुवा. शेवटची एसटी सुटायला आली की स्टँडवर जी धावपळ होते, तीच तिथं. आकाशात तांबडं अजून शिल्लक असतं. खरा रंग तर सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी चढतो. आम्ही तो पाहिला जीपच्या मागच्या काचेतून, ओल्या कपड्यांनी, आईच्या मांडीवर वाळूच्या चपलांची पिशवी.

सहा-सव्वासहाला खोलीवर पोचलो तर पुढं सगळी रात्र. मग कॅफे, दिव्यांच्या माळा, शेजारच्या हॉटेलातला कराओके. वाईट नाही. पण हे आपल्याला जळगावात महामार्गावरच्या कुठल्याही गार्डन हॉटेलात मिळतं, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको, असं मला वाटलं. कुणाला नसेल वाटत.

यावर उपाय आहेत, लपवत नाही. स्कूटी भाड्यानं मिळते. जोडप्यानं जायचं असेल तर गाडीवाल्याची कटकटच नाही, परतीच्या रस्त्यावर दिवे कमी एवढंच. राधानगरच्या अंगालाच राहिलात तर प्रश्न मुळातून सुटतो, मात्र तिथली हॉटेलं मोजकी आणि दर कपाशीला चांगला भाव आल्याच्या वर्षीच परवडावेत असे. आई, दोन पोरं आणि गुडघेदुखीचे दादा एवढा लवाजमा घेऊन स्कूटी जमत नाही, म्हणून आम्हाला गाडी.

नीलला ही भानगड नाही. बेट लहान, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा किलोमीटर. बरीच पॅकेजवाली मंडळी नील एका दिवसात उरकतात. सकाळी बोटीनं उतरायचं, नॅचरल ब्रिजपाशी फोटो, भरतपूरला जेटस्की, दुपारी पुन्हा बोट. ती बोट गेली की बेट मोकळं होतं. नीलची संध्याकाळ अशा सहलीत येतच नाही आणि त्या लोकांनीच मग ‘नीलला काही नाही’ असं आपल्याला सांगितलेलं असतं.

आम्ही लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याजवळ घरगुती मुक्काम घेतला होता. सूर्यास्ताला चालत गेलो. थांबलेली गाडी नाही, त्यामुळे निघायची वेळ आमच्या हाती. सूर्य बुडाला, तांबडं चढलं, जांभळं झालं, मग एक एक तारा. पोरं टॉर्च घेऊन शंख पाठीवर वागवणाऱ्या खेकड्यांमागं लागली. आपण थबकलो की ते चालतात, आपण हललो की आत जातात, या खेळात तासभर कसा गेला कळलं नाही. मात्र शंख, शिंपले, पोवळ्याचे तुकडे काही खिशात घालू देऊ नका. नेणं बेकायदा आहे, विमानतळावर सामान तपासतात. आणि अंधारात पाण्यात उतरणं दोन्ही बेटांवर टाळा. त्या समुद्रात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, सूचनांच्या पाट्या काही शोभेला लावलेल्या नाहीत.

ताऱ्यांचं एक सांगतो. ध्रुवतारा जळगावला क्षितिजापासून २१ अंशांवर असतो, नीलला १२ वर, पार झाडांच्या शेंड्यांत. त्याच हिशेबानं दक्षिणेकडचं आकाश वर उचललं जातं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जेवणानंतर दक्षिणेला पाहिलंत तर अगस्त्य आपल्याकडच्यापेक्षा चांगला वर आलेला दिसतो. हॅवलॉकलाही तारे तेच, पण दिव्यांच्या माळांखालून ते पाहायचे कसे?

पाण्यातली चमक नीलच्या किनाऱ्यावरूनही दिसू शकते. टॉर्च बंद करून डोळे वीसेक मिनिटं अंधाराला सरावू द्यायचे आणि कडेच्या लाटेकडे बघत राहायचं. आम्हाला थोडी दिसली, खाडीतल्या कयाकिंगएवढी नाही. खात्रीनं पाहायची असेल तर त्या बाबतीत हॅवलॉकच वरचढ, हे मान्य.

नीलचा बाजार छोटा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी देऊन वसवलं, त्यामुळे कानावर बंगाली पडते. गावांची नावं मात्र बहुतेक रामायणातली, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पोर्ट ब्लेअरला जाणारा भाजीपाला या बेटावर पिकतो, बाजारात तो ताजा दिसतो. तिथं वांगी दिसली आणि डिसेंबर महिना! आपल्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या चालू असणार, हा विचार दादांना सहन होईना. मुक्कामाच्या मालकीणबाईंना विचारलं, वांगी भाजून द्याल का? त्यांना यात नवल काही नव्हतं. बंगाली घरात बेगुन पोडा होतोच, वर कच्चं मोहरीचं तेल घालून. वहिनींनी मिरच्या-लसूण भाजायला घेतला, बडगी नव्हती म्हणून पातेल्यातच ठेचलं. कांद्याची पात मिळाली नाही. आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या वांग्याची सर त्याला नव्हती आणि मोहरीच्या तेलावरून दादा अजूनही कुरकुरतात, पण पुऱ्या तळल्या गेल्या, मालकीणबाईंची सासू येऊन बसली, वहिनींनी लग्नातली अहिराणी गाणी म्हटली, त्यांनी त्यांची. वीज मधेच गेली. भारनियमनात वाढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचं काय?

हे सगळ्यांना आवडेल असं मी म्हणत नाही. नीलला आठनंतर दुकानं मिटायला लागतात. नेट असं की एक फोटो पाठवायला घोटभर चहा संपतो. दिवेलागणीला वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावतात, डोळ्यांना दिसतही नाहीत आणि खाज आठवडाभर पुरते, म्हणून त्या वेळेला पूर्ण पायजमा घाला. शाकाहारी जेवण मिळतं, पण भात, डाळ, बटाटा या घेऱ्यात. शेवेचं पाकीट आणि चटणी घरून न्या, हे आपल्या लोकांना सांगायला लागत नाही म्हणा. आमचा पुतण्या कॉलेजात आहे, त्याला नील पहिल्याच रात्री पुरलं. तो खाटेवर पडून हॅवलॉकचे फोटो बघत होता.

तेव्हा नवं लग्न झालेलं जोडपं असेल किंवा मित्रांचा गट असेल तर हॅवलॉकच्या रात्री वाढवा, मी आग्रह करणार नाही. आई-वडील, लहान पोरं, पत्त्यांचा कॅट आणि गप्पा मारायला माणसं बरोबर असतील तर जादाची रात्र नीलला द्या. मला पुन्हा जायचं झालं तर हॅवलॉकला एकच रात्र राहीन, तीही कयाकिंगसाठी. तारीख काढताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावस्या बघून तिच्या अलीकडे-पलीकडे हॅवलॉक बसवीन, म्हणजे नीललाही काळोख सापडतो.

फक्त नीलहून थेट विमानाला जायचा बेत करू नका. दुपारनंतर बोटी संपतात आणि समुद्र बिघडला तर सकाळचीही रद्द होते. परतीच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअर गाठा. जेलच्या कार्यक्रमाची संध्याकाळ तीच ठेवली तर तिच्यासाठी वेगळी रात्र मोडावी लागत नाही.