जुन्या कॅम्पर गाडीतला जनरेटर: नऊ महिने, 138 तास

आमची गाडी 1994 ची ट्रॅव्हलर. आधीच्या मालकांनी आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज असं सगळं करून घेतलं होतं. मोटार कॅरॅव्हॅन म्हणून नोंदही त्यांच्याच काळातली. आईचे गुडघे गेल्यापासून तिला बस नको, हॉटेलचे जिने नकोत, म्हणून गेल्या दिवाळीनंतर ही गाडी घेतली. मागच्या बाजूला पत्र्याच्या कप्प्यात अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर होता आणि तो तीनेक वर्षं बंद पडलेला होता. ज्याला विचारावं तो म्हणे, काढून टाका आणि नवीन बसवा. मी जुनाच दुरुस्त करून घेतला. आज अवर मीटरवर 138 तास झालेत. निर्णय बरोबर होता, पण पहिले पैसे मी चुकीच्या जागी घातले.

एका गॅरेजने पहिल्याच दिवशी "पिस्टन-रिंग गेल्यात" असं सांगून इंजिन उघडलं. रिंगा बदलल्या, बिल दिलं, मशीन तरीही दोन मिनिटं चालून बंद पडायचं. घरी आणून मी स्वतः कार्बुरेटरचा बाऊल उघडला. तळाशी हिरवट-पांढरी भुकटी बसलेली होती, आणि मेन जेट (ज्याच्या बारीक भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं) उजेडाकडे धरला तर भोक दिसतच नव्हतं. पेट्रोल वाळून त्याचा राळेसारखा थर झाला होता. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके, तेव्हा उसाच्या त्या पैशाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुना रबरी पाइप फुगवतं, हे जुनी मशीन वापरणाऱ्याने लक्षात ठेवलंच पाहिजे. आमचा पाइप बोटाने दाबला तर चिकट लागत होता. इथेनॉलला टिकणारा पाइप, नवा फिल्टर आणि कार्बुरेटरचा किट, सगळं मिळून अकराशे रुपयांत झालं. जेट साफ करताना सुई घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते.

इंजिन छान चालू लागलं, पण वीज येईना. मीटरवर जेमतेम चार व्होल्ट. इथे मला सोलापूरच्या पूर्व भागातले वाइंडिंगवाले (मोटारीची तांब्याची गुंडाळी भरणारे) अण्णा भेटले. यंत्रमागाच्या मोटारी भरण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्यांनी वाइंडिंगला मीटर लावला, कार्बन ब्रश काढून बघितले, स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने पुसली आणि म्हणाले, "कॉइल ठणठणीत आहे ओ. बंद राहून चुंबकत्व उडालंय. थोडं दिलं की धरतंय बघा." जनरेटरला वीज तयार करायला सुरुवातीचं थोडं चुंबकत्व लागतं. ते रोटरच्या लोखंडात शिल्लक राहिलेलं असतं, आणि मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की क्षीण होतं. अण्णांनी एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या, वायरी सोडवल्या, इंजिन चालू केलं, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीची एक वायर मधे बल्ब घालून ब्रशला क्षणभर टेकवली. प्लस-मायनस दोनदा तपासूनच. समोर टांगलेला 100 वॉटचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला. एव्हीआर परत जोडल्यावर तो लख्ख, आणि मीटरवर 228 व्होल्ट. त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत येत नाही. अण्णांनी सहाशे रुपये घेतले. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. उलट जोडलं तर नुकसान होतं आणि शॉकची भीती तर आहेच.

इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नरही त्यांनीच लावून दिला. अशा मशीनमध्ये मिनिटाला 3000 फेऱ्यांना 50 हर्ट्झ मिळतात. म्हणून रिकाम्या मशीनला 52 च्या आसपास ठेवायचं, म्हणजे लोड आल्यावर ते 50 वर येऊन स्थिरावतं.

एवढं करूनही मे महिन्यात मशीन चाळीस मिनिटांनी धापा टाकून बंद पडायचं. बाहेर 43 अंश, आणि कप्प्यात ठेवलेलं थर्मामीटर 71 दाखवत होतं. कारण सापडायला आठवडा गेला. आवाज कमी व्हावा म्हणून कुणीतरी खालची जाळी प्लायने बंद केली होती. इंजिन एअर-कूल्ड. स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा पुन्हा ओढत होतं. प्लाय काढला. बाजूच्या जाळीतून गार हवा आत आणि पत्र्याची नळी करून गरम हवा थेट गाडीखाली, अशी वाट करून दिली. भंगारातून आणलेला गाडीचा 12 व्होल्टचा रेडिएटर फॅनही बसवला. आता कप्पा 54 च्या वर जात नाही. जुन्या गाडीतल्या जनरेटरचं इंजिन उघडण्याआधी त्याचा कप्पा बघा, हे मी कुणालाही कळकळीने सांगेन.

गाडी उभी असते त्या गल्लीत यंत्रमाग आहेत. सुताचा कापूस उडून जाळीवर आणि एअर फिल्टरवर बारीक गोधडीसारखा बसतो. दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवतो. ऑइल शंभर तासांनी बदलायचं असं पुस्तकात आहे, पण आपली धूळ आणि उन्हाळा बघून मी पन्नासला बदलतो. महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, एसी लावून तासभर चालवतो. ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे बाऊल कोरडा राहतो. ही एक सवय आधीच्या मालकांना असती तर वरचा अर्धा खर्च झालाच नसता.

एसी एक टनाचा इन्व्हर्टर आहे, हळूहळू उचलतो, त्यामुळे चालतो. आधीचा साधा एसी सुरू होताना इतका करंट ओढायचा की मशीन दबून जायचं. बाहेरची लाइन आणि जनरेटर एकत्र येऊ नयेत म्हणून चेंजओव्हर स्विच आहे. त्यात काटकसर नको.

आषाढीला पंढरपुरात 65 एकरात, म्हणजे वारकऱ्यांच्या तळावर, होतो. शेजारी ट्रक लागला, वारा फिरला, आणि रात्री साडेनऊला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. आई पलंगावर पडलेली होती. तिला कसलाही वास आला नव्हता, कारण या वायूला वास नसतोच. ट्रकच्या भिंतीला आपटून आमचाच धूर खिडकीतून आत येत होता. मशीन बंद केलं, दारं उघडली, आईला बाहेर बसवलं. दुसऱ्या आठवड्यात सायलेन्सरची नळी लांबवून खिडक्यांपासून दूर, मागच्या टोकाला काढली. तेव्हापासून घरातलं कुणी झोपलं असेल तर जनरेटर चालू ठेवत नाही, कितीही उकडलं तरी. अलार्म नऊशे रुपयांचा आहे. तो नसेल तर गाडीत जनरेटर लावूच नका.

तक्रारी आहेत. एसीवर तासाला सव्वा लिटर पेट्रोल जातं, ते खिशाला जाणवतं. अक्कलकोटला रात्री आठनंतर शेजारच्या लोकांना आवाजाचा त्रास झाला आणि त्यांचं बरोबर होतं. खालचे चार रबर माउंट कडक झालेत, त्यामुळे ओट्यावरची भांडी थरथरतात. माउंट घेऊन ठेवलेत, येत्या रविवारी बदलायचे आहेत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फटही त्याच दिवशी बघून घेईन. इनटेक 0.15 मिमी, एक्झॉस्ट 0.20 मिमी, इंजिन थंड असताना.